मुंबईची लोकल : जाळे वाढले, की रूळ नुसतेच लांबत गेले?

रूळरेघ (धागाकर्ता)

कर्जत आणि कसारा ही दोन नावे मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर आपण इतक्या वेळा वाचतो की लोकल नेमकी तिथेच का संपते, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. त्याचे उत्तर उपनगरांच्या नियोजनात नसून घाटांत आहे. बोरीबंदर ते ठाणे ही सुमारे ३४ किलोमीटरची वाट १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि तिथून एक फाटा बोरघाटाकडे, तर दुसरा थळघाटाकडे गेला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटातील १८६५ मध्ये खुला झाला. घाट चढण्यापूर्वी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, आणि ती जोडण्याची पायथ्याची ठिकाणे म्हणजे कर्जत आणि कसारा. पश्चिमेकडे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने एप्रिल १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू केली, तीही मुळात गुजरातकडे जाणाऱ्या मार्गावर. हार्बर मार्गाचा हेतू तर त्याच्या नावातच आहे. १९१० मध्ये त्याचा कुर्ला ते रे रोड हा पहिला तुकडा सुरू झाला, तो गोद्यांना लागून.

म्हणजे ज्याला आज आपण उपनगरी जाळे म्हणतो ते कोणी उपनगरांसाठी आखलेले नाही. बंदर आणि मुलूख जोडणाऱ्या वाटांच्या कडेला पुढे वस्ती येऊन बसली आणि त्या वाटांवर लोकल धावू लागली. यात वाईट काही नाही, कारण जगातल्या कित्येक जुन्या शहरांत असेच झाले. प्रश्न पुढचा आहे. वस्ती वाढत गेली तसतशा आपण या वाटा लांबवल्या आणि गाड्यांना डबे जोडले: १९६० च्या दशकात नऊ डबे आले, १९८६ पासून बारा, आणि २००९ मध्ये पश्चिम रेल्वेवर पंधरा. लोकलसाठी स्वतंत्र रूळ देण्याचे आणि एकमेकांना आडवे न जाणारे फाटे बांधण्याचे काम मात्र फार उशिरा हाती घेतले गेले. आजच्या गर्दीचे मूळ मला लोकसंख्येइतकेच या उशिरात दिसते. करोनापूर्व काळात रोज सुमारे ७५ लाख प्रवासी आणि तीन हजारांहून अधिक फेऱ्या, एवढा पसारा ज्या रुळांवर चालला, त्यांतल्या कित्येकांवर लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्याही धावत होत्या.

जाणकारांनी यात भर घालावी, आणि चूक दिसल्यास ती निःसंकोच दाखवावी.

तारमार्ग

धागाकर्त्यांच्या मांडणीत विजेचा उल्लेख राहून गेला आहे, आणि तो राहू देणे योग्य होणार नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी) ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरून देशातील पहिली विजेवरची गाडी धावली. पश्चिमेकडे जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली हा भाग विजेवर आला आणि १९३६ मध्ये तार विरारला पोहोचली. वाफेच्या इंजिनाला शेवटच्या स्थानकात पाणी भरावे लागे आणि गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे लागे, तर विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. मोटरमनने या टोकावरून त्या टोकाला जायचे, की गाडी परतीला तयार. दर काही मिनिटांनी गाडी सोडणे शक्य झाले ते यामुळे, आणि मुंबईला आज माहीत असलेली ‘लोकल’ माझ्या मते खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आली.

मात्र त्या काळी निवडलेला विद्युतदाब १,५०० व्होल्टचा, एकदिश प्रवाहाचा होता. तेवढीच शक्ती २५,००० व्होल्टवर न्यायची असेल तर ढोबळमानाने सतरापट कमी प्रवाह पुरतो. कमी दाब म्हणजे जाड तारा, जवळजवळची उपकेंद्रे आणि एका वेळी किती गाड्या जोमाने वेग घेऊ शकतील यावर मर्यादा. हा बदल पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये पूर्ण झाला. रोजची वाहतूक चालू ठेवून तो करायचा होता, म्हणून संक्रमणाच्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या वापरल्या गेल्या.

जास्त दाबाच्या तारेला वरच्या बांधकामापासून जास्त अंतर लागते आणि दक्षिण मुंबईतील जुने पूल तितके उंच नव्हते. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला आणि १८६८ मधला कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये. पुलाखालून रूळ गेला, की पुढच्या पिढीला पुलाची उंचीही रेल्वेच्या हिशेबात धरावी लागते.

सिग्नलघर

माझी नोकरी सिग्नल विभागात झाली, म्हणून त्या बाजूने लिहितो. ‘गाड्या वाढवा’ ही मागणी मी आयुष्यभर ऐकली आणि ती रास्तही आहे. परंतु एका रुळावर दोन गाड्यांत तीन मिनिटांचे अंतर ठेवले तर तासाला वीस गाड्या होतात. हे गणित कोणाच्याही इच्छेने बदलत नाही. स्वयंचलित सिग्नल यंत्रणेत मार्गाचे ठराविक लांबीचे तुकडे केलेले असतात आणि पुढचे तुकडे मोकळे असतील तेवढ्यापुरताच हिरवा दिवा मिळतो. बारा डब्यांची गाडी स्वतःच सुमारे अडीचशे मीटर लांब असते. ती थांबणार, माणसे उतरणार आणि चढणार, गाडी हलणार आणि फलाट पूर्ण सोडणार, तोवर मागच्या गाडीला फलाटावर घेता येत नाही. त्यामुळे दादरला अर्धे मिनिट जास्त गेले की त्याचा धक्का मागे मुलुंडपर्यंत जातो.

दुसरी अडचण अखेरच्या स्थानकांची. चर्चगेटला फलाट चार आहेत. तिथे येणारी गाडी आणि सुटणारी गाडी यांचे मार्ग फलाटांच्या तोंडाशी एकमेकांना छेदतात, म्हणून एक आत येत असताना दुसरीला काही वेळा थांबावेच लागते. सीएसएमटीला लोकलसाठी सात फलाट असले तरी त्यांतले पहिले दोन हार्बरचे आहेत. जागा वाढवायला शहराने काही शिल्लक ठेवलेले नाही. पश्चिम मार्ग पूर्वी कुलाब्यापर्यंत जात असे, पण बॅकबेच्या भरावाच्या योजनेपायी तो चर्चगेटपर्यंत आखूड करण्यात आला आणि कुलाबा स्थानक १९३० च्या अखेरीस बंद झाले. त्याच महिन्यात मुंबई सेंट्रल सुरू झाले आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे गेल्या. धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी हे जुळते, कारण लोकल आणि मेल यांना वेगळे करण्याचा तो फार जुना आणि बऱ्याच अंशी यशस्वी प्रयत्न म्हणावा लागेल. मध्य रेल्वेला असे दुसरे मोठे स्थानक त्या काळात मिळाले नाही. परळ येथून लोकल सुटू लागल्या त्या मार्च २०१९ पासून.

रेडिओ संदेशांवर चालणारी नवी नियंत्रण यंत्रणा एमयूटीपीच्या (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या) ३-अ टप्प्यात मांडली गेली. तीत मार्गाचे ठराविक तुकडे न धरता पुढच्या गाडीचे प्रत्यक्ष स्थान मागच्या गाडीला सतत कळत राहते, त्यामुळे दोन गाड्यांतील अंतर कमी करता येते. पण फलाटावरचा वेळ आणि अखेरच्या स्थानकाचे तोंड या दोन गोष्टी ती यंत्रणा एकटी सोडवणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

दिवा_फलाट_दोन

स्वतंत्र रुळांचा मुद्दा ज्यांना कागदी वाटतो त्यांनी ठाणे ते दिवा या पट्ट्याचा इतिहास पाहावा. कुर्ला ते ठाणे पाचवा-सहावा मार्ग आधी झाला, दिवा ते कल्याणही झाला आणि मधला ठाणे-दिवा तुकडा राहिला. तो एमयूटीपीच्या दुसऱ्या टप्प्यात होता आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, ७२ तासांच्या मेगाब्लॉकनंतर, वापरात आला. दोन्ही बाजूंना सहा रूळ आणि मध्ये चार, अशा स्थितीत बाजूच्या जादा रुळांचा पूर्ण उपयोग होत नव्हता. बाहेरगावची गाडी उशिरा आली की या अरुंद भागात ती जलद लोकलच्या वेळापत्रकात शिरायची आणि तिच्यामागे लोकल अडकायच्या. बाहेरगावच्या गाडीला प्राधान्य का, हा वाद डोंबिवली-कल्याणच्या डब्यांत मी असंख्य वेळा ऐकला आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी बरोबर असत.

या पट्ट्यात जागा नव्हती हेही खरे आहे, कारण एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. १९१६ चा पारसिक बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे आणि अनेक दशके जलद गाड्या त्यातून जात असत, तर धीम्या गाड्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्याहून जात असत. नवा मार्ग झाल्यावर बोगदा मेल-एक्सप्रेसच्या वाट्याला गेला आणि जलद लोकलही मुंब्र्याच्या वळणावरून धावू लागल्या. ९ जून २०२५ रोजी त्याच वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचा विषय पुढे आला. रूळ वेगळे झाले म्हणजे प्रश्न मिटला असे धागाकर्त्यांना म्हणायचे नसेल, पण वाचणाऱ्याचा तसा समज होऊ नये म्हणून हे लिहिले.

रूळरेघ (धागाकर्ता)

दिवा_फलाट_दोन, आपला आक्षेप मान्य आहे. मार्ग वेगळे केल्याने वक्तशीरपणा वाढतो आणि जादा फेऱ्यांना वाव मिळतो. डब्यातील दाटी मात्र त्या फेऱ्या प्रत्यक्ष सुटल्याशिवाय कमी होत नाही. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, असे रेल्वेचेच जुने मोजमाप आहे. एवढ्या दाटीत बंद दार हे वायुवीजनाचेही प्रकरण होते, म्हणून नुसती दारे लावून भागणार नाही. सिग्नलघर यांचा अर्ध्या मिनिटाचा हिशेब दारांनाही लागू होतो, कारण दार बंद झाल्याची खात्री होईपर्यंत गाडी हलू शकत नाही.

खाडीपलीकडे

या चर्चेत नवी मुंबईला बाजूला ठेवू नये, कारण ‘रूळ आधी की वस्ती आधी’ या प्रश्नाचे वेगळे उत्तर तिथेच दिले गेले. मानखुर्दहून ठाणे खाडी ओलांडून लोकल वाशीला पोहोचली ती मे १९९२ मध्ये, पुढच्या वर्षी बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला. या मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. शहर वसवणाऱ्या संस्थेने रेल्वेचा खर्च स्वतः करायचा आणि स्थानकाभोवतीच्या जमिनीच्या वाढत्या किमतीतून तो भरून काढायचा, अशी ही रीत होती. स्थानकांच्या डोक्यावर कार्यालये आणि दुकाने बांधली गेली ती त्याच विचाराने. तिथले प्रशस्त फलाट आणि रुंद भुयारी रस्ते पाहिल्यावर जागा आधी राखून ठेवण्याचा अर्थ कळतो.

तरीही मी याचे सरसकट कौतुक करणार नाही. वाशीचा रेल्वे पूल होईपर्यंत शहराच्या स्थापनेला वीस वर्षे होऊन गेली होती आणि सुरुवातीच्या रहिवाशांनी तो काळ बसच्या भरवशावर काढला. उरणचा मार्ग तर खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ठाणे-वाशी हा ट्रान्सहार्बर मार्ग २००४ मधला. माझ्या मते त्याचे महत्त्व आपण कमी लेखतो, कारण दक्षिण मुंबईच्या वाटेला न लागणारा हा पहिला मोठा उपनगरी मार्ग होता. ऐरोली-घणसोलीला माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आली आणि कल्याण-डोंबिवलीचे हजारो लोक ठाण्याला उतरून गाडी बदलू लागले. हा ताण काढण्यासाठी कळव्याहून थेट ऐरोलीला जाणारा उन्नत जोडमार्ग एमयूटीपीच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पण मूळ जोडमार्ग रुळांलगतच्या वस्तीच्या पुनर्वसनात अडकला. ज्या घरांवरून हा मार्ग जायचा ती घरे तिथे का उभी राहिली, तर रेल्वे जवळ होती म्हणून.

अंधेरी_पूर्व

खाडीपलीकडे यांच्या ‘दक्षिण मुंबईच्या वाटेला न लागणारा’ या शब्दांना धरून लिहितो. मुंबईचे सगळे जुने मार्ग उत्तर-दक्षिण आहेत, कारण बेट तसे आहे आणि बंदर दक्षिणेला होते. गिरण्या चालू होत्या आणि कचेऱ्या फोर्टात होत्या, तोवर हा आराखडा माणसांच्या येण्याजाण्याशी जुळत होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर कार्यालये उभी राहिली, अंधेरीत सीप्झ ही निर्यात उद्योगांची वसाहत आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुल वाढले. माणसांना आता पूर्व-पश्चिम जायचे होते आणि रूळ तर होते तसेच उत्तर-दक्षिण. घाटकोपरच्या माणसाने अंधेरीला जायचे तर दादरला उतरून, जिना चढून, पश्चिमेची गाडी धरायची. ही उलटी वाट मोडली ती जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या ११.४ किलोमीटरच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने. रेल्वेने दीडशे वर्षांत जे केले नाही ते बारा स्थानकांच्या मेट्रोने केले, असे मी म्हणेन. वसई-दिवा मार्ग दोन्ही रेल्वेंना जोडतो खरा, पण तिथल्या प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत.

परळकर

अंधेरी_पूर्व यांच्या गिरण्यांच्या मुद्द्याला एका तारखेची जोड देतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तो पूल गिरणगावाच्या काळातल्या वर्दळीच्या मापाचा होता. पाळीचा भोंगा गेला, वर टोलेजंग कार्यालये आली, दोन्ही रेल्वेंच्या गाड्यांतून माणसे तिथे उतरू लागली आणि जिना मात्र तेवढाच राहिला. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला. फेऱ्या, डबे आणि रूळ यांची चर्चा करताना फलाटावरून रस्त्यावर येण्याची वाट हीसुद्धा रेल्वेच्या क्षमतेचाच भाग मानली पाहिजे. पंधरा डब्यांची गाडी एका वेळी पंचवीस टक्के जास्त माणसे फलाटावर उतरवते, तेव्हा जिने रुंद झाले का, हे कोणी विचारत नाही. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून मुंबईत आजही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांतले कितीतरी जण पूल लांब पडतो म्हणून रुळात उतरलेले असतात.

पासधारक

पैशांविषयी कोणीच बोललेले नाही म्हणून विचारतो. मासिक पास इतका स्वस्त ठेवला, की त्या उत्पन्नातून विस्तार होणे शक्य नाही, असे म्हणतात. मग वातानुकूलित लोकलच्या जादा भाड्याला विरोध करणे कितपत योग्य आहे?

रूळरेघ (धागाकर्ता)

पासधारक, मला यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. विस्ताराचा पैसा मुख्यतः भाड्यातून येत नाही. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्य शासनाचा ४९ टक्के आहे, आणि एमयूटीपीचा खर्च दोघांनी वाटून घ्यायचा, त्यासाठी जागतिक बँकेसारख्या संस्थांचे कर्ज घ्यायचे, अशी व्यवस्था आहे. स्वस्त पासामुळे रोजचा तोटा होतो हे खरे, पण ठाणे-दिव्याचा उशीर पासाच्या किमतीमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. तो जमीन, पुनर्वसन आणि चालू वाहतुकीत काम करण्याच्या अडचणी यांनी झाला.

वातानुकूलित गाडीला विरोध भाड्यापुरता नव्हता. पहिली गाडी २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर आली, मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्याने उतरले आणि तिकिटावर गर्दी वाढली. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक रुळांवर उतरले, कारण साधी फेरी काढून तिच्या जागी वातानुकूलित फेरी घातली जात होती. जादा रूळ नसल्यामुळे नवी गाडी जादा म्हणून सोडता येत नाही, जुनीच्या जागी सोडावी लागते. त्यामुळे ज्यांच्या वेळेची साधी गाडी गेली त्यांना ती सोय न वाटता हिरावून घेणे वाटले.

कर्जत_७_१०

आमच्या बाजूला पनवेल-कर्जत मार्गाची प्रतीक्षा आहे. सुमारे ३० किलोमीटरच्या या मार्गावर आज एकेरी रूळ असून त्यावरून मुख्यतः लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्या जातात. दुहेरी उपनगरी मार्ग झाल्यावर कर्जतच्या माणसाला कल्याण-ठाण्याला वळसा न घालता पनवेलमार्गे मुंबई गाठता येईल. धागाकर्त्यांच्या शब्दांत सांगायचे तर हा लांबलेला रूळ आहे की जाळ्याचा नवा धागा?

रूळरेघ (धागाकर्ता)

तो नवा धागा आहे, कारण त्यामुळे कर्जत लोकलने प्रथमच दोन बाजूंनी मुंबईला जोडले जाईल आणि कल्याणला एखादा पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) बिघडला तरी सगळे अडकून पडणार नाही. फक्त तो मार्ग पनवेलला येऊन हार्बरच्या रुळांवर किती गाड्या सोडू शकेल, हे पाहावे लागेल. पनवेलहून सीएसएमटीकडे जाणारे रूळ दोनच आहेत, आणि त्यांच्या शेवटी सिग्नलघर यांनी सांगितलेले तेच दोन फलाट आहेत.